सोमवारची सुट्टी

सोमवार हा आम्हा पाळकांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, सुट्टीचा दिवस. रविवारी सकाळची उपासना, मग शब्बाथ शाळेची (रविवारच्या बायबल वर्गाची) पोरं, मग कुणाच्या तरी घरी जेवण, दुपारी गाडीला किक मारून दोन वाड्यांवरच्या छोट्या मंडळ्या (आमच्यात चर्चला मंडळी म्हणतात), रात्री नऊला घरी येतो तेव्हा घसा पार बसलेला असतो. म्हणून सोमवारी जरा उशिरा उठायचं असं दर आठवड्याला ठरतं. या सोमवारी पावणेसहाला फोन वाजला. इतक्या सकाळी फोन आला की नंबर बघायच्या आधीच मी उठून बसतो, आता अंगवळणी पडलंय ते. "सलाम पाळकसाहेब. आजी गेली." एवढंच बोलला आमच्या मंडळीतल्या त्या आजीचा नातू, पुढे त्याला बोलवेना.

मी नगर जिल्ह्यात काम करतो, कागदोपत्री आता अहिल्यानगर पण तोंडात नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ला सुरू झालं, त्यामुळे आसपासच्या कितीतरी गावांत चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती घरं आहेत, कुठे चाळीस तर कुठे दोनच. १९७०ला नागपूरला वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, पण आजी शेवटपर्यंत "आपलं मिशनचं चर्च" असंच म्हणायची.

लोकांना वाटतं पाळकाचं काम म्हणजे रविवारचं प्रवचन. नातेवाईक अजून विचारतात, बाकीचे सहा दिवस काय करता? मला त्यांना सांगावंसं वाटतं की प्रवचन हे सगळ्यात कमी काम आहे हो. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, ग्रीक शिकलो, प्रवचन कसं बांधायचं शिकलो, पण मयताच्या घरी ओट्यावर कसं बसायचं हे कुणी शिकवलं नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एका घरात लहान लेकरू गेलं होतं आणि मी घाबरून बोलतच सुटलो, एकामागून एक वचनं, स्वर्ग, पुनरुत्थान, सगळं. त्या पोराचे आजोबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, जरा गप बसा. नुसते बसा आमच्यापाशी." आजही आठवलं की पोटात तुटतं. त्या घरात कुणालाच तेव्हा माझे शब्द नको होते. तेव्हापासून मयताच्या घरी गेलो की आधी बसतो, चहा आला तर घेतो, प्रार्थना नंतर.

तर सोमवारी गेलो आणि बसलो. मग कामं सुरू झाली. सुताराला पेटी सांगायची (आमच्यात हार्मोनियमही पेटी आणि ही पण पेटीच), मुलगा पुण्याहून निघालाय तो कधी पोचतो ते बघायचं, उन्हाळ्याचे दिवस म्हणून बर्फाच्या लाद्या आणायच्या. कबर खणायला तरुण संघाची पोरं. वरती वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम, कुदळ मारली की ठिणगी उडते, पहारीनेच फोडावं लागतं. पोरं आळीपाळीने आत उतरत होती, एकाच्या तळहाताला फोड आले तर रुमाल गुंडाळून परत उतरला. रविवारच्या उपासनेला ही पोरं मागच्या बाकावर मोबाईल बघत असतात म्हणून मीच किती वेळा बोललोय त्यांना. सोमवारी त्यांना काही सांगावं लागलं नाही.

आजीचं मला कायम आठवेल ते हंगामाच्या सणाचं. त्या दिवशी मंडळी शेतातलं पहिलं पीक देवाला आणतात, बाजरीची कणसं, भुईमूग, भोपळे, अंडी, आणि उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. आजीला शेत नव्हतं, ती दरवर्षी एक गावरान कोंबडी आणायची, पाय सुतळीने बांधलेली, पदराखाली धरून. मागच्या वर्षी ती कोंबडी एकाने सहाशेला घेतली आणि तिथेच परत लिलावात दिली, मग दुसऱ्याने घेतली, त्यानेही परत दिली, असं चारदा झालं. आजी पुढे बसून बोटांवर हिशेब करत होती आणि शेवटी उठून मला म्हणाली, "साहेब, माझ्या एका कोंबडीचं एवढं झालं का?" तिचा तो चेहरा बघायला तुम्ही सगळे तिथे असायला हवे होतात.

माती चार वाजता झाली. टिळकांची गीतं म्हटली, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची, आमच्याकडे ती म्हणायला पुस्तक लागत नाही, टाळ नसला तरी ताल चुकत नाही. शेजारची हिंदू माणसं सगळी आली होती, प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली.

संध्याकाळी ऑफिसात रजिस्टर काढलं. दफनाच्या नोंदीत वय लिहावं लागतं, मोठा मुलगा म्हणाला नव्वद, धाकटा म्हणाला ब्याऐंशी. आजीचं माहेर याच मंडळीतलं, म्हणून कपाटातलं जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडलं. पानं कडेने तुटतात, फार हळू उलटावी लागतात. सापडली. १९३८, वय तीन महिने, आईचं नाव, बापाचं नाव, आणि खाली माझ्यासारख्याच कुणा पाळकाची सही. शाई तपकिरी झालीय पण अक्षर मोत्यासारखं. मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. मग नव्या रजिस्टरमध्ये लिहिलं, वय ८७, आणि खाली सही केली.

कपाट बंद करतोय तोवर दारात एक जोडपं उभं, पोरीचं लग्न ठरलंय, या रविवारपासून मंडळीत जाहीर सूचना वाचायची होती. म्हटलं बसा, आणि हिला आत सांगितलं, दोन कप चहा टाक.