जाळी शेवटी निवडा

मे महिना लागला की माझ्या फोनवर जाळ्यांचे फोटो यायला लागतात. बिडाची जाळी, स्टीलची जाळी, नक्षीवाली जाळी, आणि खाली एकच प्रश्न: "मॅडम, यातली कुठली टाकू?" मी रत्नागिरीत घरांची आणि छोट्या दुकानांची बांधकामं बघते. गेटपाशी किंवा अंगणात आडवं जाळीचं गटार, म्हणजे हल्ली सगळे ज्याला ट्रेंच ड्रेन म्हणतात ते, जवळपास प्रत्येक कामात असतंच. फोटोला माझं उत्तरही ठरलेलं आहे: पाणी शेवटी जाणार कुठे?

यावर बहुतेक जण गप्प होतात. आमच्या वाडीतले एक काका तर वैतागलेच. "अगं, मी तुला जाळी विचारतोय आणि तू मला गटाराचा पत्ता विचारतेस!" त्यांचं घर रस्त्यापेक्षा खाली, उतारावर. समोर डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. पाऊस पडला की रस्त्याचं लाल पाणी गेटातून थेट पडवीपर्यंत. त्यांनी जाळी पसंत केली होती, फॅब्रिकेटरला आगाऊ पैसेही दिले होते. गटाराचं पाणी मात्र कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या जुन्या चार इंची पाइपात सोडायचं ठरलं होतं.

हिशोब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण गटारासाठी वर्षाचा आकडा बिनकामाचा. तासाला किती कोसळतो ते बघायचं. मी तासाला 100 मिलिमीटर धरते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटरच्या हिशोबाने बांधलेली होती, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला. त्यामुळे मी जरा सढळ हाताने धरते, कोणाला जास्त वाटलं तरी. काकांचं अंगण दीडशे चौरस मीटर आणि त्या बाजूला उतरणारं छप्पर शंभर. अडीचशे गुणिले शंभर, म्हणजे तासाला 25,000 लिटर, सेकंदाला साधारण सात. रस्त्यावरून येणारं पाणी यात धरलेलंच नाही.

दीडशे मिलिमीटर रुंदीचं सिमेंटचं गटार, शंभर मिलिमीटर पाणी भरून, दोनशेला एक ढाळ असला तर सेकंदाला आठ लिटरच्या आसपास वाहून नेतं. म्हणजे गटार कसंबसं पुरतं. पण चार इंची पाइप शंभरला एक ढाळाने पूर्ण भरून चालला तरी साडेसहाच्या आगेमागेच. मग वर कितीही देखणी जाळी बसवा, पाइपाचं तोंड तुंबणार आणि पाणी जाळीतूनच उलटं वर येणार. सहा इंची पाइप घातला तर त्याच ढाळाला अठरा लिटरपर्यंत जातं. दोन इंचांनी जवळजवळ तिप्पट फरक पडतो, आणि खर्चातला फरक जाळीच्या नक्षीपेक्षा कमीच. काकांच्या कामात गटार दोनशे मिलिमीटर रुंदीचं केलं, सहा इंची पाइप टाकला, आणि गेटाबाहेर रस्त्याकडेला उंचवटा करून रस्त्याचं पाणी आधीच वळवलं. दारात येऊच द्यायचं नाही ते पाणी गटारात कशाला घ्यायचं?

चिपळूणसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट बघावी लागते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. असल्या पुराला कुठलंच जाळीचं गटार पुरं पडत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण एरवीच्या भरतीला किंवा नाला भरला की बाहेरचं पाणी पाइपातून उलटं आत येतं. जिथे पाइपाचं तोंड नाल्याच्या पातळीच्या जवळ आहे तिथे उलटं पाणी अडवणारी झडप हवीच. ती चेंबरमध्ये बसवा, हात पोचेल अशी, कारण तिच्यात एक प्लास्टिकची पिशवी अडकली की ती मिटत नाही.

आता वजन. इथे लोक आपल्या चारचाकीचं वजन मोजतात आणि थांबतात. ज्या गेटातून जुलैत पाणी शिरतं त्याच गेटातून मेमध्ये टँकर येतो, ही कोकणातली गंमत. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन, गाडी वेगळी. म्हणून टँकर जिथून आत येतो तिथली जाळी त्या हिशोबाची हवी. आपल्याकडे झाकणांच्या आणि जाळ्यांच्या प्रती एलडी, एमडी, एचडी, ईएचडी अशा आहेत: अनुक्रमे 2.5, 10, 20 आणि 35 टन. पॉलिमर काँक्रीटच्या तयार चॅनलवर, म्हणजे ओतीव पन्हळीवर, युरोपियन खुणा असतात, ए15 म्हणजे दीड टन, बी125 साडेबारा, सी250 पंचवीस, डी400 चाळीस. माणसं आणि सायकली जातात तिथे ए15 चालतं. गाड्या उभ्या राहतात तिथे बी125. टँकर किंवा मालाचा ट्रक असेल तर डी400 च्या खाली उतरू नका.

जाळी मोडते त्यापेक्षा काठ जास्त मोडतात. काठाला बसवलेल्या अँगलला मागून सळीचे हूक नसतील, दोन्ही बाजूंना चांगल्या काँक्रीटचा जाड पट्टा नसेल, तर चाक चढलं की अँगल हलतो, कोपरा फुटतो आणि रात्री प्रत्येक गाडीला खडखड. शेजारी आठवड्याभरात विचारायला येतात.

स्थानिक फॅब्रिकेटरकडून लोखंडी पट्ट्यांची जाळी करून घेणार असाल तर एकच गोष्ट उभं राहून बघा: उभ्या जाड पट्ट्या गटाराच्या रुंदीत, काठावरून काठावर टेकल्या पाहिजेत. एका मंगल कार्यालयात मी उलटं पाहिलं. पट्ट्या गटाराच्या लांबीत टाकलेल्या, फक्त तुकड्याच्या दोन टोकांना आधार. लांबून तंतोतंत तीच जाळी. केटरिंगचा टेम्पो गेला आणि मधोमध खोलगट पाळणा झाला. दुसरं, वेल्डिंग सगळं आधी संपवा, मग हॉट डिप गॅल्वनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवायला, पाठवा. नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू. आणि चंदेरी रंग मारून "गॅल्वनाइज केलंय" म्हणणारे भेटतात. रंग नखाने निघतो.

समुद्र जवळ असला की स्टीलचंही खरं-खोटं बाहेर येतं. 202, 304, 316 या स्टेनलेस स्टीलच्या प्रती. मिऱ्या किंवा मांडवीच्या बाजूला 202 स्टील लवकर तपकिरी पडतं. 304 वरही डाग येतात. 316 टिकतं, पण महाग. चुंबक लावून 202 आणि 304 वेगळे ओळखता येत नाहीत, दोन्हीला तो चिकटत नाही. थेंब टाकून तपासायचं रसायन बाजारात मिळतं, ते वापरा. बाहेरच्या अंगणाला माझी पसंती बिडाला. गंजतं वरवर, कुजत नाही. त्याचा वैरी भंगारवाला, म्हणून बोल्टने आवळून बसवा आणि बोल्ट स्टीलचे घ्या.

खानावळीचं गटार वेगळं प्रकरण. मासळी धुतलेलं खारट पाणी, तेल, भाताची शितं, वर उकळतं पाणी. इथे प्लास्टिकचं चॅनल वाकतं, 202 खड्डे पाडून घेतं. 304 चं चॅनल, आतले कोपरे गोल, शेवटी उचलून काढता येईल अशी टोपली, मग पाण्याचं कुलूप असलेला ट्रॅप, म्हणजे वाकात पाणी साठवून वास अडवणारा, आणि त्यानंतर ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी पेटी. ट्रॅप टाळला की झुरळं आणि वास गिऱ्हाइकाच्या टेबलापर्यंत येतात. आणि हे पाणी पावसाच्या गटारात सोडू नका. तेल थंड झालं की पाइपात मेणासारखं बसतं. गॅरेज आणि गाड्या धुण्याच्या जागेलाही तेच, तिथे तेल वेगळं करणारी टाकी लागते.

फटीचं लपलेलं गटार, ज्यात वरून फक्त बोटभर चीर दिसते, ते हॉटेलच्या लॉबीत शोभतं. आंब्या-फणसाखाली ते नको. लाल माती आणि पानं त्या चिरेत गेली की काढणार कोण? मी शंभर मिलिमीटरचं चॅनलही घरांना सुचवत नाही, कारण त्यात बाईमाणसाचाही पंजा नीट जात नाही, खुरपं तर सोडाच. दीडशे किमान. शेवटी गाळाचं खोल चेंबर, पाइपाचं तोंड त्याच्या तळापासून वीतभर वर, म्हणजे माती खाली बसेल. चालायच्या वाटेवर जाळीची फट बारा मिलिमीटरच्या आसपास ठेवा, काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकत नाही. तीव्र उतारावर मात्र अरुंद जाळीवरून पाणी उडी मारून पुढे जातं, तिथे रुंदी वाढवावी लागते.

फरशी किंवा पेव्हर जाळीपेक्षा चार-पाच मिलिमीटर वर ठेवायला गवंड्याला सांगा. पेव्हर नंतर दबतात. आधीच सपाट ठेवलेत तर पुढच्या वर्षी जाळी वर आणि पाणी खाली. ढाळ नजरेने धरू देऊ नका, लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावायला लावा, आणि सिमेंट वाळल्यावर बादलीभर पाणी वरच्या टोकाला ओतून बघा, कुठे डबकं राहतं का.

जाळीचे तुकडे दोन फुटांपेक्षा लांब करू नका. बिडाचा मोठा तुकडा एकट्याला उचलत नाही, आणि जो उचलत नाही तो मृगाच्या आधी कोणी साफ करत नाही. प्रत्येक तुकड्याला उचलायला भोक ठेवा आणि त्यात घालायचा हूक मीटरच्या पेटीत टांगून ठेवा.