एका अंड्याचे गणित

सोलापूरहून बार्शीच्या वाटेने निघाले की थोड्याच वेळात नान्नज लागते. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर तेथील माळावर मी दोन दिवस काढले. काळविटांचे कळप मनसोक्त पाहिले, चंडोल आणि धाविक हे पक्षी दिसले, पहाटे एक लांडगाही दुरून गेला. मात्र ज्याच्या नावाने हे अभयारण्य ओळखले जाते, तो माळढोक पक्षी दिसला नाही. आता तो तेथे दिसणे हीच बातमी ठरते.

जैवविविधतेच्या ऱ्हासाचा विषय निघाला की ‘लोकसंख्या वाढली, दुसरे काय होणार’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. आकडेही त्याला दुजोरा देताना दिसतात. १९६१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती आणि २०११ च्या जनगणनेत ती ११ कोटी २४ लाखांवर पोहोचली. माळढोकांची देशभरातील संख्या १९६९ च्या सुमारास १,२६० च्या आसपास असल्याचा अंदाज होता; आज ती दीडशेच्या आत मानली जाते. दोन आलेख शेजारी ठेवले की एक चढतो आणि दुसरा उतरतो, आणि आपण एवढ्यावरच कार्यकारणभाव सिद्ध झाला असे समजतो.

नान्नजच्या परिसरात मात्र ही मांडणी अपुरी पडते. कोरडवाहू ज्वारी, करडई आणि हरभऱ्याची शेती, तिच्या मध्ये पवन्या-मारवेल-कुसळीचे माळ आणि त्यांवर फिरणारी धनगरांची मेंढरे, अशा माणसांनी वापरलेल्या मुलखातच माळढोक पिढ्यानपिढ्या राहत होता. शेतातले नाकतोडे आणि किडे हे तर त्याचे आवडते खाद्य. १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी फिरले आणि ज्वारीच्या जागी ऊस आला. पुरुषभर उंचीच्या उसात माळढोकाला ना दूरवरचे दिसते, ना मोकळेपणी चालता येते. हा ऊस काही सोलापूर जिल्ह्यातली वाढलेली तोंडे भरण्यासाठी लावलेला नाही. त्याची साखर कुठल्या कुठे जाते. म्हणजे माळावर आलेला दाब केवळ डोकी मोजून कळणारा नव्हे. पाणी कोठे वळवले आणि बाजाराने कोणत्या पिकाला भाव दिला, हे पाहिल्याशिवाय तो समजत नाही. त्यातच महसुली भाषेत माळ म्हणजे ‘पडीक’. पडीक म्हटले की तेथे झाडे लावणे हेही पुण्यकर्म ठरते, आणि गवताळ प्रदेशाचे नुकसान कधी कधी वृक्षारोपणाच्या सत्कार्यातूनही होते, हे सांगितले तर लोक विचित्र नजरेने पाहतात.

दुसरी बाजू पक्ष्याच्या स्वतःच्या वाढीची आहे. धारणक्षमता, म्हणजे परिसर जेवढ्यांना पोसू शकतो ती मर्यादा, गाठेपर्यंत कोणतीही प्रजाती वाढत जाते, हे आपण शाळेत शिकतो. परंतु वाढीचा वेग प्रत्येकीचा निराळा असतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते. कोल्ह्याने, मोकाट कुत्र्याने किंवा गुराच्या खुराने ते गेले, तर बहुधा ते वर्ष वाया जाते. त्यामुळे विजेच्या तारेला धडकून (समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी वेळेत वळू शकत नाही) वर्षाकाठी थोडे जरी पक्षी मेले, तरी ती तूट भरून निघत नाही. त्याच माळावर काळवीट मात्र संरक्षण मिळताच वाढले. संरक्षण एकच, पण फळ वेगळे.

१९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्यात गावे, शहरे आणि शेतजमिनी सगळेच सामावले. जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयीच रोष साठत गेला, तो मला अन्यायाचा वाटत नाही. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले, पण तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

निघायच्या सकाळी मनोऱ्यावरून पुन्हा पाहिले. कुंपणाच्या आत वाऱ्यावर गवत हलत होते, बाहेर ऊस उभा होता आणि दोहोंच्या वरून विजेच्या तारा सरळ पुढे गेल्या होत्या.