फ्रीजरमधले हॉप्स : उन्हाळा काढल्यानंतरची नोंद

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, वाळवून दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. मागच्या हिवाळ्यात भरून ठेवलेल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सचं पाकीट परवा फोडलं. रंग हिरवाच. दोन गोळ्या तळहातावर चुरून नाकाशी नेल्या, तर ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास आणि मागून थोडा फुलांचा. जुन्या चीजचा आंबूस दर्प कुठेच नाही. नाशिकचा मे महिना पार करून आलेल्या कॅस्केडला हे चांगलेच मार्क झाले.

नव्यांसाठी सांगतो, परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आपल्या राज्यात कायद्यात बसत नाही, म्हणून माझे हॉप्स हॉप वॉटरमध्ये, म्हणजे हॉप्स मुरवलेल्या बिनदारूच्या फसफसत्या पाण्यात जातात. त्यात माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) नाही, त्यामुळे शिळा हॉप लपायला जागाच नाही.

कॅस्केड मुळातच नाजूक. २० अंशांवर सहा महिने राहिला तर त्याचं अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारा घटक, निम्म्यावर येतं. मॅग्नम ही दुसरी जात, तो तेवढ्यात ८० ते ८५ टक्के राखून असतो. तापमान १५ अंशांनी उतरलं की ऱ्हासाचा वेग साधारण निम्मा, हा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने उणे १८ला वेग जेमतेम सहावा हिस्सा उरतो. उलट ३८-४० अंशांत तो दुपटीच्या पुढे जातो. म्हणून उन्हाळ्यात कुरिअरने हॉप्स मागवायचेच नाहीत. अमेरिका-युरोपातली तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, नवं पीक हिवाळ्यात हाती येतं आणि तेव्हा आपल्याकडची थंडीही कामाला येते.

पण फ्रीजर सगळेच वापरतात. माझ्या मते खरी मेख पिशवीत आहे. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आरामात आत शिरतो, झिपलॉकचंही तेच. मी अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पिशव्यांवर आलोय. घरच्या छोट्या व्हॅक्यूम सीलरला त्या गुळगुळीत पिशव्या झेपत नाहीत, म्हणून रविवार कारंजाजवळच्या एका ड्रायफ्रूटवाल्याकडून चेंबर मशीनवर सील करून आणतो. भरताना तोंडाशी कागदाचं नरसाळं लावायचं. गोळ्यांची भुकटी सीलच्या पट्टीत अडकली तर वरून काही दिसत नाही, पण हवा शिरत राहते. सील करून रात्रभर बाहेर ठेवतो; सकाळी पिशवी दाबून बघायची, सैल लागली तर पुन्हा सील.

पाकिटं १० ग्रॅमचीच. पाच लिटरच्या केगला (गॅस भरायच्या पिंपाला) एक, उरवायचं काही नाही. आणि गार पाकीट लगेच फोडायचं नाही, विशेषतः पावसाळ्यात. ओट्यावर राहू द्यावं, बाहेरून धरलेलं दव वाळलं की मगच कात्री. नाहीतर तेच पाणी आत गोळ्यांवर धरतं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मधूनमधून स्वतःला तापवतो, म्हणून पाकिटं मटारच्या पिशव्यांच्या मधोमध दडपलीत. वीज गेली तरी तो गठ्ठा बराच वेळ गार राहतो. आईचा प्रश्न मात्र कायम, "ही गोळी पेंड कुठल्या म्हशीसाठी?"

परवाच्या पाकिटाचं हॉप वॉटर असं केलं : ७५ अंशांचं पाणी, लिंबाचा रस, लिटरला दोन ग्रॅम हॉप्स, वीस मिनिटं, गाळून गार, मग गॅस. कडवटपणा सौम्य, वास भरपूर. यंदाचा साझ (हॉप्सची आणखी एक जात) आला की एकाच लॉटची अर्धी पाकिटं फॉइलमध्ये आणि अर्धी पारदर्शक नायलॉनच्या व्हॅक्यूम पिशवीत भरणार, होळीला दोन्ही शेजारी शेजारी फोडणार. कोणी आधीच करून पाहिलं असेल तर कळवा, माझी पाकिटं वाचतील.