पॉइंट काढले

रविवार, रात्री साडेदहा

आज प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट काढले, म्हणजे कॉइलचा करंट तोडून प्लगला ठिणगी देणारे छोटे संपर्क, आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. जुने पॉइंट बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत, टाकवत नाहीत.

१९८९ची गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. चढावर पिकअप पडला की बाबा म्हणायचे, पॉइंट बघ. सकाळी नुसता सेल्फ फिरतोय, तरी पॉइंट बघ. बहुतेक वेळा तेच निघायचं, हा खरा वैताग. मग पॉलिश पेपरने घासा, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप लावा. अर्ध्या मिलिमीटरहून जरा कमी. फीलर हरवला होता त्या वर्षी बाबा पोस्टकार्डाची घडी वापरायचे.

काल हिशेब केला. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे १५००, आणि दर फेऱ्याला पॉइंट चारदा उघडतात. मिनिटाला ६००० वेळा! तेही एवढ्याशा टाचेच्या जोरावर. ती टाच कॅमवर, म्हणजे दांड्याच्या उंचवट्यांवर, घासून झिजते, गॅप कमी होतो, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं. गाडी रोज केसभर मंदावते आणि आपण पेट्रोलपंपवाल्याला शिव्या देतो.

नवं किट दिसायला अगदीच किरकोळ. रोटरखाली चुंबकाची कडी, तिच्याशेजारी सुपारीएवढा काळा मॉड्यूल, दोन वायरी. लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. पॉइंटांवरची ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरची गरजच नाही. पाऊण तासात बसवलं आणि सेल्फ मारला. काही नाही. प्लग काढून बघितला, करंटच नाही.

दीड तास मॉड्यूलवर संशय घेतला. दुकानदाराला फोन लावणारच होतो, तेवढ्यात टॉर्चमध्ये दिसलं: प्लेटची अर्थिंगची वायर स्क्रूखाली घालायचीच राहिली होती. किटचा दोष शून्य.

मग लागली. टायमिंग लाइट धरून डिस्ट्रिब्युटर पुन्हा फिरवून घेतला. पुलीवरची खूण पूर्वी थरथरायची, आज जागच्या जागी. आयडलिंगही एकसारखं. खरं सांगायचं तर मधली ती हलकी उचकी नाही, तर कान सारखे तिकडेच जातायत.

बाबांना फोन केला.
"गॅप किती ठेवलास?"
"गॅप नसतो आता, बाबा."
"मग बिघडली तर बघायचं काय?"

उत्तर नव्हतं. पॉइंट आधी कुरकुरायचे, चार दिवस मिसिंग करायचे, मग जायचे. हा मॉड्यूल गेला तर एका क्षणात जाईल, आणि रस्त्यावर तो दुरुस्त होत नाही. इंजिन बंद ठेवून चावी ऑन सोडायचीही सोय नाही, मॉड्यूल आणि कॉइल दोन्ही तापतात.

म्हणून बिस्किटाचा डबा डिकीत ठेवला: जुने पॉइंट, कंडेन्सर, फीलर, स्क्रूड्रायव्हर. पोस्टकार्ड मिळालं नाही.

उद्या गाडी खंबाटकी घाट चढवून बघायचीय. हाताचा काळा डाग काही निघत नाहीये.