तुम्ही विचारलंत म्हणून: ही बाटली कुठली, किती जुनी?

पारोळा, धरणगाव, अमळनेरकडे एखादा जुना वाडा उतरवायला घेतला की माळ्यावरून हमखास चिनी मातीची नक्षीची बाटली निघते. कधी अत्तराची, कधी बाईच्या आकाराची, डोकं म्हणजे बूच. मग मला फोटो येतो आणि खाली प्रश्न, "भाऊ, हाई कितली जुनी शे?"

फोटो नेहमी समोरून काढलेला असतो. मला हवा असतो तळाचा.

पण तळावरच्या शिक्क्याआधी माती बघा. आपण लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीच म्हणतो, पण बरणी वेगळी आणि पोर्सलिन वेगळं. माजघरात अंधार करून बाटलीच्या तोंडाशी मोबाइलची बॅटरी धरा. पोर्सलिन पातळ असेल तर अंगातून दुधाळ उजेड येतो, बरणीतून काहीच येत नाही. तळाच्या कडेला चकाकी नसते, तिथे ओलं बोट लावा. साधी भाजलेली माती पाणी ओढून घेते, पोर्सलिन ओढत नाही.

शिक्का नंतर, कारण नक्कल करायला सगळ्यात सोपा तोच. जर्मनीतल्या मायसेनचा पोर्सलिनचा कारखाना १७१० चा. त्यांच्या शिक्क्यातल्या, एकमेकींवर फुलीसारख्या निळ्या तलवारी इतक्या जणांनी उचलल्या की नुसत्या तलवारी दिसल्या म्हणून मी कधीच होकार देत नाही. चिनी बाटलीवर कधी सहा अक्षरांत बादशहाच्या कारकिर्दीचं नाव असतं, तेही बऱ्याचदा जुन्या बादशहाला मान म्हणून नंतरच्या कारागिरांनी घातलेलं. आणि लिमोज हे फ्रान्समधलं गाव आहे, कारखाना नव्हे. तिथे कितीतरी कारखाने होते.

त्यापेक्षा देशाचं नाव खरं बोलतं. परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं, असा नियम अमेरिकेने १८९१ पासून लावला आणि तेव्हापासून ही नावं तळाशी सर्रास दिसू लागली. ‘निप्पॉन’ (जपानी भाषेत जपानचं नाव) असेल तर साधारण १८९१ ते १९२१. त्यानंतर अमेरिकेच्या कस्टमने तो जपानी शब्द नाकारला आणि ‘जपान’ आलं. ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे ताब्यात घेतलेला जपान, असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची थोडी वर्षं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ १९१८ च्या आधी असूच शकत नाही, तो देशच तेव्हा झाला.

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या एका आजींनी बाटली आणली. तळाला ‘१८४७’ असा आकडा मातीतच दाबलेला. घरात सगळे ती १८४७ सालची म्हणून सांगत आलेले. मी भिंग दिलं. आकड्याशेजारी निळ्या शाईत, पुसट, ‘जर्मनी’. जर्मनी एक देश झाला १८७१ मध्ये. दाबलेला आकडा साल नव्हे, साच्याचा नंबर होता. आत बोट घातलं तर बाहेर जिथे फुगवटा, तिथे आत खळगा लागला, म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेली.

तळाला ‘जर्मनी’च्या वर सोनेरी शिक्क्याची फक्त कड उरली होती. कारखान्याचं नाव बहुधा तिथेच होतं. आजींनी मला दाखवायची म्हणून आदल्या दिवशी राख आणि चिंचेने बाटली लख्ख घासली होती. सोनेरी काम चकाकीच्या वर, कमी आचेवर बसवलेलं असतं, ते घासलं की जातं. मला फार वाईट वाटलं, पण त्यांना बोललो नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो, आणण्याआधी घासू नका. मऊ फडक्याने धूळ पुसा, बस.

कारखाना कळला नाही. मग मी आजींना विचारलं, घरात आली कशी? सासरे कापूस विकायला मुंबईला गेले होते, येताना त्यांनी सासूबाईंसाठी आणली. त्यात वाळ्याचं अत्तर असायचं. हे मी चिठ्ठीवर लिहिलं, खाली ‘जर्मनी, बहुधा १८९१ नंतर’ असं घातलं आणि चिठ्ठी गुंडाळून बाटलीत सरकवली. बूच लावण्याआधी आजींनी बाटली नाकाशी धरली.