खाटेवरून दिसणारी बाग

दवाखान्याच्या बागेचं नवीन काम मिळालं की मी सगळ्यात आधी एक रिकामी खाट मागते. वॉर्डातल्या सिस्टर जरा गोंधळतात, मग चादर बदलून देतात. दहा मिनिटं आडवं व्हायचं आणि खिडकीतून काय दिसतं ते वहीत टिपून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी एसीचं बाहेरचं युनिट, पाण्याची काळी टाकी, नाहीतर समोरच्या इमारतीची भिंत. खिडकीची कड जमिनीपासून तीन फूट आणि खाट तिच्याहून खाली. खाली अंगणात कितीही फुलझाडं लावा, झोपलेल्या माणसाला त्यातलं एक पानसुद्धा दिसत नाही. त्याला दिसतो तो झाडाचा शेंडा. म्हणून आमच्या नकाशात आधी मोठी झाडं येतात आणि त्यांची जागा खिडक्या ठरवतात.

एवढं कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. मी इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकले, लग्नानंतर परसात रोपवाटिका सुरू केली. यजमान सिव्हिल इंजिनिअर. त्यामुळे रोपं विकता विकता बंगल्यांच्या बागांची कामं मिळायला लागली. मग एका खाजगी दवाखान्याचा निरोप आला: तपासणीची टीम यायच्या आत बाग हवी, तीन आठवडे आहेत. आम्ही रात्रंदिवस खपलो. हिरवीगार लॉन, कडेनं पिवळ्या डुरांटाचं कुंपण, मधे कारंजं. सगळ्यांनी कौतुक केलं.

महिन्याभरानं बिलासाठी गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बागेत एक माणूस नव्हता. पेशंटचे नातेवाईक मागच्या बाजूला, कँटीनशेजारच्या जिन्यावर दाटीवाटीनं बसले होते. मीही जाऊन बसले. तिथे कडुनिंबाची सावली होती, पाठ टेकायला भिंत होती आणि ओपीडीचं दार समोर होतं, नाव पुकारलेलं ऐकू यायचं. आमच्या बागेत या तीनपैकी एकही गोष्ट नव्हती. आणि ज्या डुरांटाचं मला इतकं कौतुक होतं, त्याची पिवळी फळं विषारी असतात. ती मी लहान मुलांच्या वॉर्डाच्या दारात लावली होती. पुस्तकात वाचलेलं असूनही.

दुसरी चूक याहून मोठी. ती सांगायलाच हवी, कारण माळव्यात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला ती भोवू शकते.

हाडांच्या एका दवाखान्यात चालायचा सराव करणाऱ्यांसाठी पायवाट करायची होती. आम्ही सहा इंच गिट्टी-चुरी अंथरून वर पेव्हर ब्लॉक बसवले. जानेवारीत काम झालं, दिसायला सुरेख. मेमध्ये कडेच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. जुलैत पाणी मुरलं, माती फुगली आणि ब्लॉक दातांसारखे खालीवर झाले. ऑगस्टमध्ये एका आजोबांच्या वॉकरचा पाय अशाच एका उंचवट्याला अडला आणि ते पडले. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. त्यांच्या सूनबाई मला एवढंच म्हणाल्या, "ताई, ते आता खोलीबाहेर यायला नाही म्हणतात." भरपाई कुणी मागितली नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

घराचा पाया घालताना यजमान काळ्या मातीची किती काळजी घेतात! पायवाटेला काय पाया, असं दोघांनाही वाटलं होतं. आम्ही सगळी वाट उखडली आणि स्वतःच्या खर्चानं पुन्हा केली. अडीच फूट काळी माती काढून टाकली, त्यात मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यायची ही पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. कालव्यांसाठी वापरतात, आम्ही ती व्हीलचेअरसाठी वापरली. शिवाय दोन्ही कडांना पाणी वाहून जायला नाली, आणि ठिबकची नळी वाटेपासून लांब. एकाच बाजूची माती ओली राहिली तर वाट तिरकी उचलली जाते. आता रुंदी सहा फूट ठेवतो, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअरना एकमेकींसाठी थांबावं लागत नाही. चढ वीस फुटाला एक फूट. दर तीस फुटांवर बाक, आणि बाकाला हात हवेतच. पोटावर टाके असलेला माणूस हातांवर जोर देऊनच उठतो. पांढरं काँक्रीट कुठेच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याला ते डोळ्यांत खुपतं.

डॉक्टर मंडळींना पटवायला मी संशोधक रॉजर उलरिच यांचा अभ्यास दाखवते. १९८४ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यांच्या २३ जोड्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. एका सर्जननी मला विचारलं, "छत्तीस काय, शेहेचाळीस काय, एवढ्यावरून काय सिद्ध होतं?" त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये 'रुग्ण लवकर बरे होतील' हे वाक्य कधीच नसतं. दुखणं सोसणाऱ्याचा दिवस थोडा सुसह्य व्हावा, एवढंच वचन आम्ही देतो, आणि ते पाळता येतं.

आरोग्य आणि झाडं यांची सांगड आपल्या गावाला नवी नाही. १९१७ च्या दिवाळीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगविरुद्ध इंदुरात मिरवणूक काढली होती. ज्या वस्त्या स्वच्छ, त्यांतूनच ती जाणार असं आधीच जाहीर केलं होतं, आणि शेवटी लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. पहिल्या भेटीत मी हे आवर्जून सांगते.

झाडांची निवड हा माझा प्रांत. कण्हेर नाही, लाल नाही की पिवळी नाही. वाटेच्या कडेला काट्यांची बोगनवेल नाही. रातराणी मला फार आवडते, पण केमो चालू असलेल्यांना उग्र वासानं मळमळतं, तिथे मोगरासुद्धा खिडकीपासून लांब. ज्यांची प्रतिकारशक्ती पार खालावलेली असते त्यांच्या वॉर्डात मातीची कुंडीच नको, मातीतल्या बुरशीचा धोका असतो. त्यांच्यासाठी काचेपलीकडची बाग. कारंजी आम्ही बंदच केली. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते, आणि दवाखान्याच्या आवारात डेंगीचा डास आपल्या हातानं पाळायचा नाही.

आणि काय लावतो? बकुळ, कदंब, सोनचाफा. हाताशी येतील अशा उंच वाफ्यांत गवती चहा, तुळस, ओवा, पुदिना. वाफ्याची कड सव्वादोन फुटांवर, खाली गुडघे जातील अशी पोकळी. एका काकूंना अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात उचलत नव्हता. बॉल दाबायला सांगितलं की वैतागायच्या. फिजिओथेरपिस्ट त्यांना वाफ्यापाशी घेऊन आली. काकूंनी डाव्या हातानं उजवा हात धरून तुळशीपर्यंत नेला आणि मंजिऱ्या खुडायला लागल्या. एक खुडायला मिनिट लागायचं. "मंजिऱ्या ठेवल्या तर तुळस वाळते," असं मलाच समजावत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, "तुळशीकडे कधी जायचं?"

खताच्या बाबतीत तर आपल्याला इंदूरबाहेर बघायची गरजच नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या कृषी संशोधकांनी इथल्याच संस्थेत, म्हणजे आजच्या आमच्या कृषी महाविद्यालयात, कंपोस्टची पद्धत बसवली. १९३१ साली ती ग्रंथरूपानं आली आणि 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पालापाचोळा, शेण, राख, माती यांचे थर, दोन-तीनदा पालट, तीन महिन्यांत खत. आम्ही कँटीनच्या भाज्यांची देठं आणि आवारातला पाचोळा वापरतो. वॉर्डातलं काहीही, अगदी हार-फुलंसुद्धा, त्यात येऊ देत नाही. आमचे माळीकाका ढिगात हात खुपसून ऊब बघतात आणि सांगतात, पालटायचा की अजून आठ दिवस ठेवायचा. अजून तरी चुकलेले नाहीत.

पैशांचं थोडक्यात. बाग करण्यापेक्षा राखण्यात कमाई आहे आणि तिथेच जीव लावावा लागतो. तीन वर्षांच्या देखभालीचा करार नसेल तर आम्ही काम घेत नाही. एका ठिकाणी दोन वर्षं वाढवलेली बकुळीची ओळ पार्किंगसाठी तोडली, आम्हाला कळवलंसुद्धा नाही. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

सध्या आम्ही एका डायलिसिस विभागासाठी गच्चीवर काम करतोय. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास माणसं तिथे असतात, सुया टोचलेला हात न हलवता. कारंजी सोडली तरी मी तिथे भिंतीवरून झिरपणारं, सतत फिरतं पाणी योजलं होतं. आवाजानं बरं वाटेल अशी कल्पना. एका दादांना नकाशा दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "ताई, बाकी सगळं छान आहे. पाण्याचा आवाज तेवढा नको. आम्हाला दिवसाला मोजून पाणी मिळतं."

नकाशा बदलला. त्या भिंतीवर आता गोकर्णाचा वेल चढणार आहे. रोपं तयार आहेत, पहिला पाऊस पडला की लावू.