मावशीच्या लाटा, शेटलंडच्या किनाऱ्यावर

लेकीला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला नोकरी लागली, तेव्हा नकाशा उघडून मी सगळ्यात आधी पाहिलं ते विणकामासाठी प्रसिद्ध असलेली शेटलंडची बेटं तिथून किती लांब आहेत. संध्याकाळी अ‍ॅबर्डीनहून सुटलेली बोट रात्रभर उत्तर समुद्रातून जाते आणि सकाळी शेटलंडच्या लर्विक बंदराला लागते. बोट इतकी हलत होती की झोप येईना. सुया काढल्या आणि उजाडेपर्यंत नातवाचा एक मोजा टाचेपर्यंत आणला.

विणायला मी शिकले साताऱ्यात, मावशीकडे, सायकलच्या दोन स्पोकांवर. मावशी जुने स्वेटर उसवायची. मी दोन्ही हात पुढे करून बसायची आणि ती माझ्या हातांवर लडी घालायची. मग ती लडी धुऊन, खाली तांब्या बांधून दोरीवर टांगायची, म्हणजे लोकरीचे वळ जात. गल्लीत कुणाकडेही बाळ होणार असलं की बाळंतविड्यातलं टोपडं, स्वेटर, मोजे आणि शाल मावशीकडून. शालीच्या काठाला ठरलेलं एकच डिझाइन. ती त्याला ‘लाटा’ म्हणायची. १८ टाके, ४ ओळी. तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा सुईवर धागा आणि एक सुलट, पुन्हा तीनदा दोनाचा एक. “जेवढे घटवलेस तेवढे वाढले पाहिजेत,” एवढंच तिचं शिकवणं.

लर्विकहून उत्तरेला, मध्ये दोनदा गाडीसकट फेरीबोटीत चढून, आम्ही अन्स्ट बेटावर गेलो. झाड जवळजवळ नाहीच. गवत, वारा आणि मेंढ्या. इथल्या मेंढ्या लहानखुऱ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची लोकर आपोआप सैल होते, म्हणून पूर्वी ती कातरत नसत, हातानं उपटून घेत. मानेजवळची लोकर सगळ्यात मऊ. तिचं सूत कातून इथल्या बायका जाळीच्या शाली विणत. एवढी मोठी चौकोनी शाल, पण लग्नाच्या अंगठीतून आरपार निघते. हॅरल्ड्सविकच्या संग्रहालयात अशा शाली काचेमागे आहेत. मी नाक काचेला लावून टाके मोजायचा प्रयत्न केला. नजर ठरेना.

पण माझे पाय थबकले ते बाजूच्या रोजच्या वापरातल्या शालीपाशी. तिला तिकडे ‘हॅप’ म्हणतात. मधला चौकोन साधा, भोवती रुंद काठ, त्यात पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत मेंढीचेच रंग, न रंगवलेले. आणि काठावर मावशीच्या लाटा! तीच घट, तीच वाढ. इथे या नक्षीचं नाव ‘ओल्ड शेल’. साताऱ्याच्या बाहेर फारशी न गेलेल्या माझ्या मावशीच्या हातात हे कुठल्या पुस्तकातून, कुणाच्या हातून आलं असेल? मी लेकीला म्हटलं, “हे बघ, आजीच्या लाटा.” ती मावशीला आजीच म्हणते. तिनं फोटो काढला, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

फेअर आयल, म्हणजे शेटलंडमधल्या त्या नावाच्या बेटावरचं रंगीत विणकाम, त्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. एका ओळीत फक्त दोन रंग, तरी अख्खा जम्पर फुलून येतो, आणि गोल विणून झाल्यावर बाहीसाठी विणकामाला सरळ कात्री लावतात. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. लोकर चिवट असते, टाके एकमेकांना धरून राहतात.

शेवटच्या दिवशी लर्विकच्या संग्रहालयात एक बाई विणत बसल्या होत्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली गादी. उजव्या सुईचं टोक एका भोकात रोवलेलं. सुई अशी टेकली की हात मोकळा राहतो आणि चालता चालता विणता येतं. पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीची, टोपली घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायका असंच विणत. आणि मोबदला? दुकानदार माल घ्यायचा आणि बदल्यात चहा, कापड द्यायचा. रोख पैसा क्वचितच. १८७२ साली सरकारी आयोगासमोर या बायकांनी तशा साक्षी दिल्या आहेत. ऐकताना मला मावशीला मिळालेले खण-नारळ आठवले. त्यात मान होता, माया होती, हे मी जाणते. पण त्या शालींवर ती रात्र रात्र बसायची, आणि लोकरीचे पैसे द्यायचंही कित्येकांना सुचलं नाही. हे मला आजही टोचतं.

माझ्या खांद्यावर मावशीचीच शाल होती. त्या बाईंनी हात पुढे करून विचारलं, बघू का? आणि पहिल्यांदा उलटी बाजू वर केली. मावशीही कुणाचंही विणकाम असंच बघायची. अंगठ्यानं काठ चाचपत त्यांनी टाके मोजले आणि मान डोलावली. मग उठून आपला पट्टा सोडला आणि माझ्या कमरेला, साडीवरून, बांधला.

सुई भोकात रोवून मी चालायला लागले. तिसऱ्या पावलाला टाका सुटला. त्यांनी वाकून तो उचलून सुईवर चढवला. खिडकीबाहेर बंदर होतं, बोट लागलेली दिसत होती. खिडकीपर्यंत पोचले तेव्हा ओळ पुरी झाली होती. मी सुई बदलली आणि परत वळले.